ओळख आणि पाळत
नागरिकाचा खाजगीपणा व राज्याची सुरक्षाव्यवस्था

सन २०१० मध्ये भारतातील प्रत्येक रहिवाशास बारा अंकी क्रमांक देण्याच्या कार्यास आरंभ झाला. पहिला क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी महाराष्ट्रातील नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली या आदिवासी गावी एका स्त्रीस देण्यात आला. कर्नाटकात या योजनेच्या पहिल्या टप्प्यासाठी जे जिल्हे निवडले गेले, त्यांत म्हैसूर जिल्हा होता. घरगुती गॅसचे वितरण या क्रमांकाशी जोडून पाहण्याचा प्रारंभीचा प्रयोगही म्हैसूर शहरातच झाला. दहा बोटांचे ठसे, दोन्ही डोळ्यांच्या बुबुळांची चित्रे आणि चेहऱ्याचे छायाचित्र एवढी सामग्री यंत्रात घालून माणसाची ओळख कायमची नोंदवायची, ही या 'आधार' योजनेची मूळ कल्पना होय.

दोन वर्षांनी, २०१२ मध्ये, या योजनेविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात एक अर्ज दाखल झाला. अर्जदार होते कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश के. एस. पुट्टस्वामी. त्यांचे शिक्षण म्हैसूरच्याच महाराजा महाविद्यालयात झालेले होते, आणि अर्ज केला तेव्हा त्यांचे वय ८६ वर्षांचे होते. त्यांचा मुख्य आक्षेप असा की, कोट्यवधी माणसांच्या शरीराच्या खुणा सरकार गोळा करीत आहे. परंतु तसे करण्यास आधार देणारा संसदेचा कायदाच अस्तित्वात नाही. या अर्जातून पुढे जो निर्णय निघाला, त्याने भारतीय नागरिकाच्या हक्कांत एका हक्काची स्पष्ट नोंद केली.

आणखी दहा वर्षांनी, नोव्हेंबर २०२२ मध्ये, म्हैसूरचे नाव निराळ्याच कारणाने वृत्तपत्रांत झळकले. मंगळूर येथे एका ऑटोरिक्षात स्फोट झाला. त्या रिक्षातील प्रवाशाने म्हैसूर शहरात भाड्याची खोली घेतलेली होती, आणि ती घेताना त्याने दुसऱ्याच माणसाचे आधार कार्ड दाखविले होते, असे पोलिसांच्या तपासात दिसून आले.

एका बाजूला आपल्या शरीराचा व आयुष्याचा हिशेब सरकारला का द्यावा असे विचारणारा नागरिक. दुसऱ्या बाजूला लोकांच्या जीविताचे रक्षण करण्याची जबाबदारी असलेले सरकार. या दोहोंची सांगड कशी घालावी, हा आजच्या प्रत्येक लोकशाही राष्ट्रापुढील प्रश्न आहे. पुष्कळदा असे सांगितले जाते की, ही तराजूची दोन पारडी आहेत. सुरक्षेचे पारडे जड व्हावयाचे तर खाजगीपणाचे पारडे हलके झालेच पाहिजे. हे चित्र कितपत खरे आहे हे पाहावयाचे असेल, तर ओळख पटविण्याची यंत्रे प्रत्यक्षात काय करतात, हे प्रथम समजून घेतले पाहिजे.

ठशांचा इतिहास

राज्यकारभारास माणसांची ओळख लागते, यात नवल नाही. करवसुली, शिधावाटप, मतदान, निवृत्तिवेतन यांतील कोणतेही काम 'हा माणूस कोण' हे ठाऊक असल्यावाचून होत नाही. बोटांच्या ठशांचा सरकारी कामात उपयोग प्रथम भारतातच मोठ्या प्रमाणावर झाला. १८५८ मध्ये बंगालातील जंगीपूर येथे विल्यम हर्शेल या इंग्रज अधिकाऱ्याने एका कंत्राटदाराकडून करारपत्रावर हाताचा ठसा उमटवून घेतला. पुढे १८९७ मध्ये कलकत्त्यास ठशांची कचेरी निघाली. तेथे एडवर्ड हेन्री यांच्या हाताखाली काम करणाऱ्या अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोघा भारतीयांनी ठशांची १,०२४ कप्प्यांत वर्गवारी करण्याची पद्धत सिद्ध केली. हजारो कागदांच्या ढिगातून हवा तो ठसा काही मिनिटांत काढता येऊ लागला, आणि ही पद्धत पुढे जगभर गेली.

परंतु याच काळात नोंदवहीचा दुसरा उपयोगही भारताने पाहिला. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने काही जमातींतील माणसांवर जन्मानेच गुन्हेगारीचा शिक्का मारला. त्यांनी पोलिसांकडे ठरावीक वेळी हजेरी द्यावयाची, परवान्यावाचून गाव सोडावयाचे नाही, अशी बंधने त्यांच्यावर होती. १९११ च्या सुधारित कायद्याने त्यांच्या बोटांचे ठसे घेण्याचा अधिकारही सरकारला मिळाला. सोलापूर येथील तारेच्या कुंपणातील वसाहत ही मराठी माणसाच्या परिचयाची आहे. हा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी देशभर रद्द झाला. तोवर कित्येक पिढ्यांतील माणसांनी कोणताही गुन्हा केलेला नसताना आयुष्यभर हजेरी दिली होती. सुरक्षेच्या नावाने ठेवलेली नोंद व्यक्तीच्या कृत्यावर न बेतता तिच्या जन्मावर बेतली, तर काय घडते, याचा हा धडा होय.

यंत्र ठसा कसा जुळवते

बोटाच्या टोकाकडील कातडीवर बारीक उंचवट्यांच्या रेषा असतात. काही ठिकाणी रेषा एकाएकी संपते, तर काही ठिकाणी तिला फाटा फुटतो. या जागा म्हणजे ठशाच्या खुणा होत. यंत्र संपूर्ण बोटाचे चित्र ताडून पाहत नाही. या खुणांची स्थाने व त्यांच्या दिशा यांचे ते आकड्यांत टिपण करते. पुन्हा बोट ठेवले की नवे टिपण तयार होते आणि दोन टिपणांत किती साम्य आहे याला यंत्र गुण देते.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. एकाच बोटाचे दोन ठसे कधीही तंतोतंत सारखे उमटत नाहीत. बोट कमी-अधिक दाबले जाते, तिरपे पडते, ओले असते, किंवा कामाने झिजलेले असते. त्यामुळे यंत्राचे उत्तर 'होय' किंवा 'नाही' असे मुळात नसतेच. ते 'इतके साम्य आहे' एवढेच असते. किती गुणांना 'जुळला' म्हणावयाचे, ती सीमारेषा माणसाने ठरवावी लागते. सीमा खाली आणली, तर परक्याचा ठसा आपला म्हणून स्वीकारला जाण्याचा संभव वाढतो. सीमा वर नेली, तर खऱ्याच माणसाला यंत्र ओळखत नाही. शेतात राबणारे, विटा वाहणारे, भांडी घासणारे आणि वृद्ध लोक यांच्या बोटांवरील रेषा झिजलेल्या असतात, म्हणून रेशन दुकानातील यंत्रापुढे पुन्हा पुन्हा बोट ठेवण्याची पाळी त्यांच्यावरच अधिक येते. एक चूक कमी केली की दुसरी वाढते. दोन्ही एकाच वेळी शून्यावर आणणारी सीमारेषा अद्याप कोणाला सापडलेली नाही.

'हा तोच का?' आणि 'हा कोण?'

ओळखीचे यंत्र दोन अगदी निरनिराळ्या प्रश्नांची उत्तरे देण्यासाठी वापरले जाते. पहिला प्रश्न : 'हा तोच का?' माणूस आपला क्रमांक सांगतो, बोट ठेवतो, आणि यंत्र त्याच क्रमांकाच्या नोंदीशी ते ताडून पाहते. येथे तुलना एकच होते. दुसरा प्रश्न : 'हा कोण?' येथे ठसा हाती असतो, नाव नसते; म्हणून यंत्राला नोंदवहीतील प्रत्येक ठशाशी तुलना करावी लागते. तुलना जितक्या अधिक, तितक्या चुकीच्या संधी अधिक.

आधार क्रमांक देणाऱ्या प्राधिकरणाने २०१२ मध्ये आपल्या यंत्रणेची परीक्षा प्रसिद्ध केली. नोंदवहीत ८.४ कोटी माणसे असताना, नव्याने आलेल्या व्यक्तीची नोंद 'आधीच झालेली आहे' असे चुकीने सांगण्याचे प्रमाण ०.०५७ टक्के आढळले. म्हणजे दर १०,००० नव्या माणसांमागे सुमारे सहा जणांची दुसऱ्याशी गल्लत झाली. दहा बोटे व दोन बुबुळे अशी भरपूर सामग्री, माणूस समोर बसलेला आणि चांगले यंत्र, अशा अनुकूल स्थितीतील हा आकडा आहे. नावनोंदणीच्या कामाला तो उत्तमच म्हटला पाहिजे, कारण अशा सहा जणांची कागदपत्रे माणसाने पुन्हा पाहिली की काम भागते. परंतु हीच वही गुन्ह्याच्या तपासासाठी उघडली तर काय होईल? हा प्रश्न काल्पनिक नाही. तो गोव्यात प्रत्यक्ष उभा राहिला.

वास्को येथील प्रकरण

जानेवारी २०१३ मध्ये गोव्यातील वास्को येथे एका शाळेत सात वर्षांच्या मुलीवर अत्याचार झाला. सारा गोवा हादरला. तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे गेला. गुन्ह्याच्या जागी काही बोटांचे ठसे मिळाले होते, पण ते कोणाचे हे कळत नव्हते. तेव्हा गोव्यात आधारसाठी नोंद झालेल्या सर्व लोकांचे ठसे मिळावेत, म्हणजे त्यांतून गुन्हेगार शोधता येईल, अशी मागणी पुढे आली, आणि वास्कोच्या दंडाधिकाऱ्यांनी प्राधिकरणाला तशी माहिती देण्याचा हुकूम केला. प्राधिकरणाने त्याला हरकत घेतली : ही सामग्री लोकांनी सरकारी सोयीसवलतींसाठी दिलेली आहे, गुन्ह्यांच्या तपासासाठी नव्हे, शिवाय यंत्रणाही त्या कामासाठी बांधलेली नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने फेब्रुवारी २०१४ मध्ये, असे ठसे जुळविणे यंत्रणेला शक्य आहे की नाही याची तज्ज्ञांकडून तपासणी करविण्याचे ठरविले. प्राधिकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. २४ मार्च २०१४ रोजी त्या न्यायालयाने असा आदेश दिला की, ज्याची माहिती आहे त्याच्या लेखी संमतीवाचून त्याच्या शरीरखुणा कोणत्याही अन्य संस्थेला देऊ नयेत.

एका लहान मुलीला न्याय मिळावा म्हणून केलेली मागणी अडविणे प्रथमदर्शनी कठोर वाटते. तपास करणाऱ्यांचा हेतू शुद्ध होता, याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. तथापि येथे थोडा हिशेब करून पाहणे अवश्य आहे. २०११ च्या जनगणनेप्रमाणे गोव्याची लोकसंख्या सुमारे १४.५ लाख होती. दर माणशी दहा बोटे धरली तर १.४५ कोटी ठसे होतात. गुन्ह्याच्या जागी सापडणारा ठसा बहुधा एकाच बोटाचा, अर्धामुर्धा आणि पुसट असतो. समजा, अशा ठशाची एका बोटाशी तुलना करताना यंत्र लाखात एकदाच चुकते. हे प्रमाण केवळ उदाहरणासाठी घेतले आहे. ते चांगल्यापैकी उदार आहे. तरीही १.४५ कोटी तुलनांत सुमारे १४५ बोटे चुकीने 'जुळली' असे उत्तर येईल. खरा गुन्हेगार नोंदवहीत असेल, तर तो या घोळक्यात एक असेल. तो परप्रांतातून आलेला असेल, किंवा त्याची नोंदच झालेली नसेल, तर हे सर्वच्या सर्व निरपराध असतील. आणि त्यांतील प्रत्येकाच्या दाराशी पोलीस एका भयंकर गुन्ह्याच्या संशयाने उभे राहतील.

आता उलट बाजू पाहू. तपास करणाऱ्यांनी नेहमीच्या मार्गाने चौकशी केली, त्या वेळी शाळेत कोण कोण होते हे शोधले आणि वीस जणांवर संशयाला जागा आहे असे ठरविले. त्या वीस जणांची दोनशे बोटे त्याच यंत्राला दाखविली, तर चुकीने जुळण्याचा संभव पाचशे वेळांत एकदा एवढाच उरतो. आता ठसा जुळला तर त्या जुळण्याला खरोखर वजन आहे. यंत्र तेच, ठसा तोच, गुन्हाही तोच. फरक एवढाच की एकदा प्रश्न सर्व जनतेला विचारला आणि एकदा संशयास कारण असलेल्यांना विचारला.

यावरून एक महत्त्वाचा सिद्धांत हाती लागतो. सर्वांवर सरसकट टाकलेले जाळे नागरिकांच्या खाजगीपणाला जसे घातक असते, तसे ते तपासाच्या कामालाही निरुपयोगी असते. म्हैसूरसारख्या शहराचे उदाहरण घ्या. २०११ मध्ये तेथे सुमारे नऊ लाख लोक होते. कल्पना करा की, त्यांत ९० माणसे घातपाताच्या विचाराची आहेत आणि चेहरे ओळखणारे एक यंत्र १०० पैकी ९९ वेळा बरोबर उत्तर देते. ते यंत्र ९० पैकी ८९ जणांना पकडील, परंतु त्याबरोबर सुमारे ९,००० निरपराध लोकांकडेही बोट दाखवील. म्हणजे यंत्राने संशयित ठरविलेल्या दर शंभर जणांत खरा एकच. बाकीच्या नव्याण्णवांची चौकशी करण्यात पोलिसांचा वेळ जाईल, आणि तो शंभरावा मनुष्य त्या गर्दीत सहज लपेल.

म्हैसूरची भाड्याची खोली

आता २०२२ च्या घटनेकडे वळू. १९ नोव्हेंबर २०२२ रोजी मंगळूर येथे रिक्षात झालेल्या स्फोटात चालक व प्रवासी जखमी झाले. प्रवाशाजवळील आधार कार्डावरून प्रथम एक नाव पुढे आले. ते ज्याचे होते तो मनुष्य मात्र दुसऱ्याच गावी आपल्या उद्योगात होता; त्याचे कार्ड पूर्वीच हरवलेले होते. म्हैसूरची खोलीही त्याच नावावर घेतलेली होती आणि तेथे स्फोटके बनविण्याचे साहित्य सापडल्याचे पोलिसांनी सांगितले.

या घटनेनंतर घरमालकांनी भाडेकरूंची अधिक माहिती घ्यावी आणि ती पोलीस ठाण्यात कळवावी, असा आग्रह स्वाभाविकपणेच वाढला. परंतु येथे माहिती कमी पडली होती काय? कार्ड मागितले गेले होते, ते दाखविलेही गेले होते. जे झाले नव्हते ते एवढेच की, 'हा तोच का?' हा साधा प्रश्न कोणी विचारला नव्हता. कार्डाची झेरॉक्स प्रत फाईलला लावली म्हणजे ओळख पटली, अशी आपल्याकडे सार्वत्रिक समजूत आहे. वास्तविक प्रत ही ओळखीची पारख नव्हे. ती ओळखीची छाया आहे, आणि ती कोणालाही उचलता येते. हॉटेल, सिमकार्डाचे दुकान, गृहनिर्माण संस्था, शिकवणीचे वर्ग अशा ठिकाणी एकाच माणसाच्या कार्डाच्या प्रती पडलेल्या असतात. जितक्या प्रती अधिक, तितके तोतयाचे काम सोपे.

म्हणून येथे नागरिकाच्या खाजगीपणाचे हित आणि राज्याच्या सुरक्षेचे हित एकाच दिशेला आहे. आधार कार्डावरील चौकटीदार सांकेतिक खुणेत धारकाचे छायाचित्र व नाव प्राधिकरणाच्या संगणकीय सहीनिशी साठविलेले असते. ती खूण अधिकृत साधनाने मोबाइलवर वाचली की, समोरच्या माणसाचा चेहरा त्या छायाचित्राशी तेथल्या तेथे ताडून पाहता येतो. प्रत ठेवण्याची गरजच उरत नाही. शेवटचे चारच अंक दिसतील असे झाकलेले कार्ड काढून घेण्याची सोय आहे, तसेच मूळ क्रमांकाऐवजी सोळा अंकी पर्यायी क्रमांक देण्याची सोयही २०१८ पासून आहे. या सोयींची माहिती फार थोड्यांना असते. मे २०२२ मध्ये प्राधिकरणाच्या बंगळूर कचेरीने कार्डाच्या प्रती कोणालाही देऊ नयेत अशी सूचना काढली होती. तिचा विपर्यास होईल या भीतीने ती दोन दिवसांतच मागे घेण्यात आली. सूचना मागे घेतली गेली तरी तिच्या मुळाशी असलेला धोका मागे गेला नाही, हे त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात दिसून आले.

न्यायालयांनी ठरविलेल्या कसोट्या

यंत्राचा गुणदोष विज्ञान सांगू शकते. परंतु यंत्र केव्हा वापरावे, हा अधिकाराचा प्रश्न कायद्याने सोडवावा लागतो. भारतीय न्यायालयांचा या बाबतीतील प्रवास मोठा उद्बोधक आहे.

१९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे खरक सिंग यांचे प्रकरण आले. उत्तर प्रदेशातील या गृहस्थावर एके काळी दरोड्याचा आरोप होता, पण पुराव्याअभावी तो सुटला होता. तरीही पोलीस त्याच्यावर पाळत ठेवीत आणि रात्री-अपरात्री त्याचे दार ठोठावीत. रात्री घरी जाऊन खात्री करण्याचा हा नियम न्यायालयाने रद्द केला. परंतु बहुमताने असेही म्हटले की, खाजगीपणाचा हक्क राज्यघटनेने दिलेला नाही. न्यायमूर्ती सुब्बा राव यांनी मात्र आपल्या निराळ्या मतात हा हक्क व्यक्तिस्वातंत्र्याचाच आवश्यक भाग मानला.

पन्नासाहून अधिक वर्षांनी पुट्टस्वामी यांच्या अर्जाच्या सुनावणीत सरकारने नेमका याच जुन्या निर्णयांचा आधार घेतला. तेव्हा प्रश्न नऊ न्यायाधीशांच्या पीठाकडे सोपविण्यात आला. २४ ऑगस्ट २०१७ रोजी त्या पीठाने एकमताने निर्णय दिला की, खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे. मराठी वाचकांना या निर्णयातील एक गोष्ट विशेष वाटेल. आणीबाणीच्या काळात, एप्रिल १९७६ मध्ये, व्यक्तिस्वातंत्र्यासाठी न्यायालयाचे दार ठोठावता येणार नाही असा निर्णय देणाऱ्या बहुमतात पुण्याचे न्यायमूर्ती यशवंतराव चंद्रचूड होते. २०१७ मध्ये तो निर्णय चुकीचा ठरवून रद्द करणारे प्रमुख निकालपत्र त्यांचे पुत्र न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी लिहिले.

अर्थात कोणताही हक्क अनिर्बंध नसतो. राज्याला नागरिकाच्या खाजगी जीवनात शिरावयाचे असेल, तर त्याने कोणत्या अटी पाळाव्यात हेही त्या निर्णयातून स्पष्ट झाले. त्या साध्या शब्दांत अशा सांगता येतील : पहिली, त्या कृतीला कायद्याचा आधार हवा, अधिकाऱ्याची इच्छा पुरेशी नाही. दुसरी, हेतू योग्य हवा. तिसरी, उपाय हेतूच्या प्रमाणात हवा. कमी घुसखोरीने काम होत असेल तर अधिक करू नये. चौथी, गैरवापर होऊ नये म्हणून वचक हवा.

कसोट्यांचा उपयोग

या कसोट्या लावून पाहिल्या म्हणजे सुरक्षेचे सर्वच उपाय त्याज्य ठरतात असे नाही. २६ नोव्हेंबर २००८ रोजी मुंबईवर हल्ला झाला, तेव्हा हल्लेखोर व त्यांचे सीमेपलीकडील सूत्रधार यांची दूरध्वनीवरील संभाषणे पोलिसांनी ऐकली, आणि पुढे खटल्यात ती महत्त्वाचा पुरावा ठरली. तेथे हेतू उघड होता आणि ऐकले जाणारे संभाषण हल्लेखोरांचेच होते. याउलट, २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाचलुचपतीच्या एका प्रकरणातील दूरध्वनी ऐकण्याचे तीन हुकूम रद्द केले. १८८५ च्या तार कायद्याप्रमाणे सार्वजनिक आणीबाणी किंवा सार्वजनिक सुरक्षितता यांचे कारण असल्याशिवाय असा हुकूम देता येत नव्हता, आणि ते कारण तेथे दिसत नव्हते. गुन्हा गंभीर असला तरी कायद्याची अट सुटत नाही, हे त्या निर्णयाचे तात्पर्य होय.

आधार योजनेलाही हीच फूटपट्टी लावण्यात आली. मूळ आक्षेपाप्रमाणे जो कायदा नव्हता, तो २०१६ मध्ये संसदेने केला. २६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक अशा बहुमताने योजना वैध ठरविली. परंतु बँक खाते व मोबाइल क्रमांक आधारशी जोडण्याची सक्ती रद्द केली, आणि माणसाने कोठे व केव्हा ओळख पटविली याच्या नोंदी पाच वर्षे ठेवण्याऐवजी सहा महिन्यांहून अधिक काळ ठेवू नयेत असे सांगितले. याचे महत्त्व साधे आहे. ज्याच्या हाती अशा नोंदी वर्षानुवर्षे राहतात, त्याच्या हाती त्या माणसाची दिनचर्याच येते.

चौथी कसोटी, म्हणजे वचक, ही मात्र अजूनही सर्वांत कच्ची आहे. दूरध्वनी ऐकण्याच्या हुकमांची फेरतपासणी करणाऱ्या समितीत वरिष्ठ सरकारी अधिकारीच असतात, न्यायाधीश नसतो. डिसेंबर २०२४ मध्ये या विषयाचे नियम नव्याने झाले, तरी ही रचना कायम राहिली. २०२३ चा व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदा हे मोठे पाऊल होते आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झाले; परंतु राज्याची सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था इत्यादी कारणांसाठी सरकारने नेमून दिलेल्या संस्थांना या कायद्यातून सूट देण्याची तरतूद त्यातच आहे. जो अधिकार वापरतो त्यानेच आपली तपासणी करावयाची, ही व्यवस्था लेखापरीक्षणात कोणी मान्य करीत नाही. नागरिकाच्या घरातील गोष्टींबाबत ती का मान्य व्हावी, याचे समाधानकारक उत्तर अद्याप मिळावयाचे आहे.

नागरिकाचा वाटा

न्यायमूर्ती पुट्टस्वामी २०२४ च्या ऑक्टोबर महिन्यात ९८ व्या वर्षी निवर्तले. त्यांनी मागितलेले सर्व काही त्यांना मिळाले नाही. योजना चालूच राहिली. परंतु त्यांच्या अर्जामुळे राज्याला प्रत्येक नव्या उपायाचे कारण सांगणे भाग पडू लागले, आणि ही मिळकत लहान नव्हे.

हीच सवय सामान्य नागरिकालाही लावून घेता येईल. कोणी ओळखपत्र मागितले तर चार प्रश्न विचारावेत : हे मागण्याचा अधिकार कोणत्या नियमाने आला? कशासाठी हवे? केवळ पाहून काम होईल की प्रत हवीच? आणि प्रत घेतली तर ती कोठे राहील, केव्हा नष्ट होईल? हे प्रश्न उद्धटपणाचे नाहीत. घरमालकाने भाडेकरूचा चेहरा कार्डाशी ताडून पाहावा आणि प्रत परत द्यावी, एवढ्याने भाडेकरूची माहितीही सुरक्षित राहते व तोतयाचा डावही फसतो. त्याचप्रमाणे शहरात नवे कॅमेरे बसविले जात असतील, तर ते किती आहेत एवढेच न विचारता, त्यांतील चित्रे किती दिवस राहतात, कोण पाहतो आणि पाहणाऱ्याची नोंद कोण ठेवतो, हे नगरपालिकेच्या सदस्यांना विचारणे हा मतदाराचा हक्क आहे.

पोलिसाला गुन्हेगार सापडला पाहिजे आणि निरपराध माणसाला निर्धास्त झोप लागली पाहिजे, या दोन्ही मागण्या एकाच समाजाच्या आहेत. वास्कोचा हिशेब असे सांगतो की, संशयाला कारण शोधण्याचे कष्ट टाळून सर्वांकडे संशयाने पाहिले, तर या दोहोंपैकी एकही मागणी पुरी होत नाही.